जीर्ण झालं, हे कुणी ठरवायचं?



आजचा श्लोक भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा. शब्द पाठ नसले तरी अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, कारण कुणाच्या दहाव्या-तेराव्याला गेलं की तो कानावर पडतोच. कपडे विरले की माणूस ते उतरवून दुसरे घालतो, तसाच देहात राहणारा तो जुना देह सोडून दुसऱ्यात जातो. उदाहरण इतकं सोपं आहे की आपण त्यावर थांबतच नाही.

मला थांबवलं ते एका प्रश्नाने. आमच्या शनिवारच्या वाचनात इथे डेन्व्हरलाच राहणारा एक मित्र असतो. त्याच्याकडे सेकंडहँड घेतलेली टोयोटा टाकोमा आहे. (अमेरिकेत पिकअपलाच ट्रक म्हणतात, त्यामुळे दहा चाकी ट्रक डोळ्यासमोर आणू नका.) तिचे शॉक गेले होते. मागच्या एकातून तर तेल गळत होतं. मेकॅनिक म्हणाला, चारही नवीन टाका. मित्राला ते उघडून, आतलं बदलून पुन्हा बसवायचे होते, म्हणजे रीबिल्ड. ठरत नव्हतं आणि ठरत नाही म्हणून सहा महिने गाडी तशीच चालली होती. त्या शनिवारी बाविसावा श्लोक वाचून झाला आणि तो म्हणाला, "गीता तर सरळच सांगते ना, जीर्ण झालं की टाका, नवं घ्या. मग माझा जीव त्या जुन्या नळकांड्यांत का अडकलाय? हा मोह आहे की दुसरं काही?"

चॅटमध्ये हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. मला मात्र प्रश्न खरा वाटला. फोन, नोकरी, जुनी मैत्री, गावाकडचं घर, सगळीकडे आपण हेच विचारत असतो. शॉकचं एक बरं आहे, ते उघडून बघता येतात.

आधी शॉक काय करतो ते बघू, कारण नावामुळे घोटाळा होतो. शॉक गाडीचं वजन पेलत नाही. ते काम स्प्रिंगचं, आणि मागच्या बाजूला कमानपाट्यांचं. खड्डा आला की स्प्रिंग दबते, मग उसळते, आणि कुणी आवरलं नाही तर बराच वेळ वरखाली होत राहते. तिला आवरणं एवढंच शॉकचं काम. आत तेलाने भरलेली नळी असते, तिच्यात दांड्याच्या टोकाला पिस्टन, पिस्टनला छिद्रं आणि छिद्रांवर पातळ पोलादी चकत्या. चाक हललं की तेलाला त्या अरुंद वाटेने जावं लागतं आणि उसळीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. कच्च्या खडीच्या रस्त्यावर तासभर गाडी हाकल्यावर शॉकला हात लावू नका, चटका बसेल. ब्रिटिश लोक याला डॅम्पर म्हणतात आणि तेच नाव जास्त खरं आहे. धक्का बसायचा तो बसतोच, फक्त तो पुढे दहा वेळा बसत राहत नाही. (याच अध्यायात चौदाव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सुखदुःख सोसायला सांगतात. ते येतात आणि जातात म्हणून सोस, असं ते म्हणतात. येणारच नाहीत असं आश्वासन कुठेही दिलेलं नाही.)

आता झीज. तेल तापून-तापून जुनं होतं. दांड्याभोवतीचं सील घासलं जातं, कडक होतं. तेलाला फेस येऊ नये म्हणून आत नायट्रोजन दाबाने भरलेला असतो, तो हळूहळू निसटतो. मग तेल फेसाळतं आणि पिस्टनला धड विरोधच होत नाही. काही शॉक कारखान्यातच कायमचे बंद करून येतात. ते कापल्याशिवाय उघडत नाहीत, गेले की गेले. काही मात्र मुळातच उघडता येतील असे बनवलेले असतात; फॉक्स, किंग अशा कंपन्यांचे महागडे शॉक या जातीचे. त्यांचं सील किट काही दहा डॉलरमध्ये मिळतं, नव्या शॉकचा भाव शेकड्यांत असतो. मित्राच्या गाडीला आधीच्या मालकाने मागे हे महागडे बसवले होते, पुढे मात्र साधे बंद. म्हणजे एकाच गाडीत दोन्ही प्रकार.

इथपर्यंत गॅरेजचं झालं. आता श्लोकाकडे.

पहिली गोष्ट, हा श्लोक आज्ञा नाही. त्यात कुणी कुणाला "टाक" म्हणत नाही. जग असं चालतं, एवढंच सांगितलं आहे. माणूस असं करतो, देहीही तसंच करतो. आणि हे सांगितलं जातंय कुणाला? पहिल्या अध्यायाच्या शेवटी धनुष्य टाकून रथात बसलेल्या अर्जुनाला. तो तर टाकायच्याच तयारीत होता! त्याला त्याचं कर्तव्य जीर्ण वाटलं होतं, नकोसं झालं होतं. ज्या माणसाने सगळं खाली ठेवलंय त्याला उचलायला लावण्यासाठी हे अख्खं प्रकरण आहे. त्यातलं एक वाक्य उचलून "चला, गीतेची परवानगी मिळाली, जुनं फेका" असं म्हणणं म्हणजे फक्त एरर मेसेज वाचून डॉक्युमेंटेशन वाचल्याचं समाधान मानण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट, श्लोकातला "जीर्ण" हा शब्द. नावडतं, आउटडेटेड, शेजाऱ्याने नवीन घेतलं म्हणून जुनं वाटणारं, यातलं काहीही त्या शब्दात बसत नाही. एक शंका इथे पूर्वीपासून विचारली जाते: तरुण माणसं जातात, लहान मुलं जातात, त्यांचा देह कुठे जीर्ण झालेला असतो? त्यावर परंपरेतलं एक उत्तर असं की जीर्ण म्हणजे दिसायला जुनं नव्हे, ज्या कामासाठी देह मिळाला ते प्रारब्ध संपलेलं. हे उत्तर तुम्हाला पटो न पटो, शब्दाचा रोख लक्षात घ्या. जीर्णपणा वयावरून ठरत नाही. काम उरलंय का आणि ते या वस्तूकडून होऊ शकतं का, यावरून ठरतो.

आणि हे लांबून कळत नाही. आमच्या ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक हुशार माणूस पहिल्या आठवड्यात म्हणतो, हा कोडबेस फेकून नव्याने लिहूया. त्यातला एखादा विचित्र इफ कुठल्या ग्राहकाच्या कुठल्या मध्यरात्रीच्या फोनमुळे आला, हे त्याला ठाऊक नसतं. दोन वर्षांनी तोच माणूस त्या इफचं रक्षण करताना दिसतो. उलटंही घडतं. पंधरा वर्षं एकच सिस्टिम सांभाळणाऱ्याला तिचं मरण दिसत नाही.

शॉकचं नेमकं असंच असतं. तो एका दिवसात जात नाही. रोज केसभर कमी होतो आणि चालवणारा रोज केसभर सवय करून घेतो. ब्रेक लावल्यावर नाक थोडं जास्त खाली जातं, वळणावर गाडी जरा जास्त कलते, टायरवर ठिकठिकाणी खळगे पडायला लागतात, आणि आपल्याला वाटतं गाडी पहिल्यासारखीच आहे. मित्राची बायको बऱ्याच दिवसांनी ती गाडी चालवायला बसली आणि पहिल्याच चौकात म्हणाली, "अरे, ही होडीसारखी का डुलतेय?" त्या दिवसापासून तिने मुलीला त्या गाडीत बसवणं बंद केलं. म्हणजे जीर्ण झालं हे ठरवण्याचा अधिकार रोज वापरणाऱ्याकडे एकट्याकडे ठेवून चालत नाही. त्याची मोजपट्टीच वस्तूबरोबर झिजत आलेली असते. साधनेतही हे होतं. माळ तीच, वेळ तीच, आणि आत जप कधी पोकळ झाला ते आपल्याला कळलेलं नसतं. घरातल्यांना आपल्या चिडचिडीवरून आधी कळतं.

मग मोह कुठला आणि विवेक कुठला? मित्राची कारणं आम्ही पुढच्या शनिवारी मोजली, तो स्वतःच हसत मोजत होता. एक, पैसे वाचतील. दोन, चांगलं धातूचं काम कचऱ्यात घालवत नाही. तीन, वडिलांनी आयुष्यभर स्कूटर स्वतः खोलली, आपण साधं ऑइलही बदलत नाही. चार, हे त्याने शेवटी सांगितलं, "मी स्वतः केलं" असं म्हणता येईल. मला यातलं एकही कारण लाजिरवाणं वाटत नाही. पण ही चारही कारणं त्याच्याबद्दलची आहेत, गाडीबद्दल त्यात काहीच नाही. दांडा गुळगुळीत आहे का, नळीला आतून ओरखडे आहेत का, हे सहा महिन्यांत त्याने पाहिलंच नव्हतं.

मेकॅनिकचंही तेच. त्यानेही न उघडताच चारही बदलायला सांगितलं होतं. त्याला दोष देता येत नाही. त्याच्या तासाचा दर पाहता उघडून बघणंच ग्राहकाला महाग पडलं असतं. आपल्या काळात नवं घेणं स्वस्त आणि बघणं महाग झालंय, त्यामुळे न बघता टाकणं शहाणपणाचं दिसतं. काही वेळा ते खरंच शहाणपणाचं असतं. दांड्याच्या क्रोमवर दगड लागून खड्डे पडले असतील तर नवं सील कितीही चांगलं बसवा, ते खड्डे काही दिवसांत त्याला कापून काढतात. तिथे सील बदलत राहणं हा मोह, मग त्याला काटकसर म्हणा नाहीतर पर्यावरण म्हणा.

पण माझ्या मते खरा प्रश्न रीबिल्ड की नवे, हा नव्हताच. अठराव्या अध्यायात सातव्यापासून नवव्या श्लोकापर्यंत त्यागाचे तीन प्रकार येतात. नेमून आलेलं काम मोहापोटी सोडणं हा तामस त्याग. त्रास होईल म्हणून सोडणं हा राजस, आणि त्यातून त्यागाचं फळही मिळत नाही. करायचं आहे म्हणून करणं, आणि त्यातली आसक्ती आणि फळाचा हट्ट सोडणं, हा सात्त्विक. हे तीन श्लोक गाडीला लावून बघा. रस्त्यावर गाडी उतरवणाऱ्याचं नियत कर्म काय? ती थांबायला हवी तिथे थांबली पाहिजे. शॉक गेलेल्या गाडीचं चाक उडत-उडत जातं, रस्त्याला धरून राहत नाही. आणि जे चाक रस्त्यावर नाही त्याचा ब्रेक लावून काय उपयोग? खडबडीत रस्त्यावर थांबायचं अंतर वाढतं. आयझेनहॉवर बोगदा ओलांडून डेन्व्हरकडे येताना मोठा उतार आहे आणि शनिवार-रविवारी स्कीइंगहून परतणाऱ्या गाड्या एकमेकींना चिकटून येतात. मित्र त्या उतारावरून सहा महिने येत-जात होता. पुढच्या गाडीत कोण बसलंय, त्याला कुणी विचारलं होतं का, की बाबा, माझा निर्णय होईपर्यंत तू थोडी जोखीम घेशील का?

मी हे त्याला स्पष्ट सांगितलं. सहा महिने हा विषय अध्यात्माचा नव्हता, चालढकलीचा होता, वर गीतेची शाल पांघरली होती एवढंच. दोन बऱ्या पर्यायांमध्ये तोलत बसणं आपल्याला विचारीपणाचं वाटतं. पण तोलत असताना गाडी उभी नसते. ती तिसरा पर्याय रोज निवडत असते, आणि त्याची किंमत भलताच कुणी मोजण्याची शक्यता असते. माझ्या मते हाच तामस त्याग. जपणं आणि टाकणं, दोन्हींत चूक-बरोबर होऊ शकतं. या तिसऱ्यात बरोबर काहीच नाही.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक आहे, पण मग उघडायचे की टाकायचे, त्याचं उत्तर नाही दिलंस."

याचं उत्तर आपल्या परंपरेत एका शब्दात मिळत नाही, आणि मला ते आवडतं. आपल्याकडे जीर्णोद्धार आहे आणि विसर्जनही आहे. मूर्ती खंडित झाली की ती पूजेत ठेवत नाहीत, नदीला देतात. गणपती तर अखंड असताना दरवर्षी बोळवतो, डोळ्यांत पाणी आणून. आणि त्याच महाराष्ट्रात पंढरपूरला शतकानुशतकं भक्तांचे हात आणि कपाळं विठ्ठलाच्या चरणांना लागत आली, मूर्तीची झीज होते, तर कुणी "नवी मूर्ती आणा" म्हणत नाही. पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून वज्रलेप होतो, २०२० मध्येही झाला. तिकडे काशीत विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभारलं. बांधणी नव्याने झालेली, तरी लोक त्याला जीर्णोद्धार म्हणतात. कारण उद्धार दगडांचा नव्हता, तिथे चालत आलेल्या पूजेचा होता. म्हणजे किती टक्के जुनं शिल्लक राहिलं यावर आपल्या लोकांनी कधी हिशेब मांडलेला दिसत नाही. आत काय चालू राहिलं पाहिजे, हे आधी पाहिलं आणि मग जपायचं की सोडायचं ते ठरवलं.

म्हणून आम्ही एका रविवारी उघडूनच बघितलं. उघडलं त्याने. मी टॉर्च धरला आणि भाड्याने आणलेल्या नायट्रोजनच्या नळकांड्याकडे संशयाने बघत उभा राहिलो. या कामात पहिला नियम असा की काहीही खोलण्याआधी आतला दाब सोडायचा. साधारण २०० पीएसआय दाब असतो, टायरच्या पाच-सहा पट. तो न सोडता झाकण सैल केलं तर ते गोळीसारखं सुटतं. (घरातल्या जुन्या भांडणांबद्दल बोलायला बसताना मला हा नियम फार आठवतो.) दाब गेला, झाकण निघालं, आणि आतून जे तेल आलं ते काळपट, करड्या गाळाचं, जळक्या वासाचं. उजव्या शॉकचा दांडा आरशासारखा, नळी स्वच्छ. गळत होता तो डावा. त्याच्या दांड्यावर नखाला लागतील असे तीन खड्डे, सील तिथेच फाटलेलं. नळी मात्र त्याचीही चांगली.

त्यापुढे वाद उरलाच नाही. उजव्याला सील आणि तेल. डाव्याला सील, तेल आणि नवा दांडा, जो सुटा मिळतो. दोन्ही एकदमच केले, कारण एका धुरीवरचे दोन शॉक वेगवेगळ्या ताकदीचे ठेवत नाहीत. पुढचे दोन बंद शॉक उघडण्यासारखे नव्हतेच, ते काढून नवे आले, जुने भंगारात. जुनं तेल डब्यात भरून पार्ट्सच्या दुकानात दिलं, तिथे ते परत घेतात. जुन्या शॉकबद्दल हळवा झालेला माणूस तेल गटारात ओतणार असेल तर त्या हळवेपणाला काय अर्थ आहे!

दांडा नवा, सील नवं, तेल नवं, वायू नवा. मित्राने विचारलं, आता हा तोच शॉक का? मी म्हटलं, तू तुझ्या मुलीला गाडीत बसव आणि बायकोला चालवायला दे, तिला विचार. तिने चालवली. पहिल्या चौकात काही बोलली नाही, दुसऱ्या चौकात मुलीच्या शाळेच्या डब्याबद्दल बोलायला लागली.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात सुटलेली नाही. वस्त्राच्या उदाहरणात वस्त्र घालणारा वेगळा आहे, वस्त्र वेगळं, म्हणून ते टाकताना दुःख नको. वस्तूंच्या बाबतीत हे पटतं. पण दहाव्याला जेव्हा हा श्लोक कानावर येतो, तेव्हा समोर बसलेल्या मुलाला "वस्त्र होतं, गेलं" असं वाटत नाही. त्याला आईचे हातच आठवत असतात. श्लोक खोटा नाही आणि त्याचं रडणंही खोटं नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा धरायच्या, ते तेविसाव्या श्लोकाकडे गेल्यावर थोडं उलगडेल असं वाटतं. शस्त्र, अग्नी, पाणी, वारा, यांपैकी ज्याला काहीच लागत नाही त्याच्याबद्दल तो श्लोक बोलतो. उद्या तोच घेऊ.

राम कृष्ण हरी.